घरजावई

ठिणगीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. नाकाच्या शेंड्यावर असता तर समोरच्याला आधी दिसला असता आणि तो सावध तरी झाला असता. तिचा राग कुठून निघायचा ते तिचं तिलाही कळत नसे. चहा गार मिळाला, कुणी उठताना खुर्ची आत सारली नाही, कुणी तिचं वाक्य मध्येच तोडलं, की झालाच भडका. म्हणून लॅबमध्ये तिचं नाव ठिणगी पडलं. घरी मात्र ती चिमी होती. दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची ताई दोघीच राहत, आणि ताईपुढे हिचा राग फार टिकत नसे. ताई नर्स होती. दिवसभर लोकांची दुखणी आणि त्यांचे राग पुसूनच ती घरी यायची.

ठिणगी शिकत होती ती विद्या जरा जगावेगळी होती. प्राण्यांमधून माणसांत शिरणारे नवे, जीवघेणे विषाणू कॉम्प्युटरवर ओळखायचे. पदव्युत्तर प्रशिक्षण दोन वर्षांचं, आणि ती दुसऱ्या वर्षाला होती. इमारतीच्या खालच्या मजल्यावर नळ्या, हातमोजे, फ्रिज आणि नमुना वाचणारं मशीन. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरची खोली, खिडकी नसलेली, आणि एसी असा की भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा. खालचं मशीन नमुन्यात जे जे सापडेल ते लाखो बारीक तुकड्यांमध्ये वाचून वर पाठवायचं. त्यात माणसाचे स्वतःचे तुकडे, तोंडातल्या जंतूंचे, सकाळी खाल्लेल्या केळ्याचेसुद्धा. वरच्यांनी ते तांदळासारखे निवडायचे आणि त्यात विषाणूचा खडा आहे की नाही ते सांगायचं. या वरच्यांपैकी एकानंही जन्मात वटवाघूळ हातात धरलेलं नव्हतं.

ते काम जाळीकाकाचं. पुलाखाली, ओस पडलेल्या गोदामांत तो बारीक जाळी लावायचा, अडकलेलं वटवाघूळ गाणं म्हणत म्हणत सोडवायचा, त्याच्या तोंडात कापसाची काडी फिरवायचा आणि त्याला पुन्हा उडवून द्यायचा. आवाज भसाडा, पण वटवाघळांनी कधी तक्रार केली नव्हती. नमुन्यांची पेटी घेऊन आला की तो मुद्दाम वर चक्कर मारायचा आणि ठिणगीच्या पडद्यात डोकावून विचारायचा, "काय गं, दिसला का तुझा विषाणू?"

"तो असा दिसत नाही काका. रेघा दिसतात."

"रेघा! मी हातापायाला चावून घ्यायचं आणि तू रेघा बघायच्या. बरी वाटणी आहे."

आता या लॅबमध्ये एक घरजावई होता. त्याची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मशीन नीट चाललंय की नाही हे कळावं म्हणून दर वेळी नमुन्यांबरोबर एका नळीत ओळखीच्या विषाणूचा तुकडा घालत. तो विषाणू वटवाघळातून माणसात शिरणारा, भयंकर. पण फ्रिजमध्ये होता तो त्याचा एक निर्जीव तुकडा, त्यानं माशीही मेली नसती. तो सापडला की समजायचं, मशीन शुद्धीवर आहे. अडचण एवढीच होती की हा तुकडा आपल्या नळीत गप बसत नसे. हातमोज्याला लागून, मशीनच्या पोटातून, कुठून ना कुठून तो शेजारच्या नळ्यांत शिरायचा. बोलावलं नसताना येतो, आला की जात नाही, आणि घरातले त्याला बोलू शकत नाहीत, म्हणून कुणीतरी त्याला जावई म्हटलं. मग फ्रिजमध्येच मुक्काम असल्यामुळे घरजावई.

काही वर्षांपूर्वी या घरजावयानं लॅबचं नाक कापलं होतं. शेळ्यांच्या नमुन्यांत विषाणू सापडला म्हणून लॅबच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, घाईघाईनं जाहीर केलं. कळपच्या कळप मारून पुरले, बाजार बंद झाला, आणि मग कळलं की तो विषाणू शेळ्यांचा नव्हताच, आपल्याच फ्रिजमधला तुकडा होता. पेपरवाल्यांनी सरांची पार चटणी केली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं सरांचं झालं. त्यांनी आजोबाला गाळणी लिहायला सांगितली.

आजोबा म्हणजे लॅबचा सर्वांत जुना विद्यार्थी. त्याचा प्रबंध इतकी वर्षं चालू होता की तिशी ओलांडताच त्याला ही पदवी मिळाली. कॉम्प्युटरचं त्याला सगळं येई आणि त्याचा त्याला गर्वही होता. त्यानं अशी गाळणी केली की नमुना उघडताक्षणी जावयासारखं जे काही दिसेल ते आधी दाराबाहेर. मग पुढचं निवडणं. नुसता तो तुकडाच नाही, तर तो तुकडा ज्या विषाणूचा, तो अख्खा विषाणू त्यानं गाळणीत घातला. चेहरा थोडाफार वेगळा असला तरी बाहेर. उगाच धोका नको, जास्तीची खबरदारी बरी. त्या दिवसापासून लॅबचे सगळे निकाल धुतल्यासारखे स्वच्छ यायला लागले. यात चोरून काही नव्हतं. नवीन तुकडीला पहिल्याच तासाला हे अभिमानानं शिकवत, आणि लॅबमध्ये येताजाता एकच प्रश्न ऐकू यायचा, "जावई काढला का?"

मग एकदा जाळीकाका तापानं फणफणला. ताप, डोकेदुखी, मग असंबद्ध बडबड. वटवाघळांत वावरणारा माणूस म्हणून हॉस्पिटलनं त्याला काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं आणि नमुना लॅबकडे पाठवला. या विषाणूची तपासणी जवळपास दुसरं कुणी करतच नव्हतं. लॅबनं कळवलं, विषाणू आढळला नाही. दुसऱ्याच दिवशी काकाला साध्या वॉर्डात हलवलं. तो वॉर्ड ताईचा.

"तुमचा तो वटवाघूळवाला आमच्याकडे आलाय," ताई जेवताना म्हणाली होती. "शुद्धीवर आला की गातो. शेजारचा पेशंट म्हणतो, मला घरी सोडा नाहीतर याला."

ठिणगी तेव्हा पोट धरून हसली होती.

पुढच्या सोमवारी नवीन तुकडीचा पहिला तास होता आणि शिकवायचं ठिणगीनं. समोर वीसेक जण, कुणी जनावरांचे डॉक्टर, कुणी नुकते बीएस्सी झालेले. मागे हाताची घडी घालून आजोबा. सरावासाठी ठेवलेली फाईल नेमकी उघडेना. मग तिनं यादीतली सर्वांत वरची, म्हणजे ताज्या नमुन्यांपैकी एक घेतली. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. ती बोलायला लागली तर आजोबा दर वाक्याला मागून दुरुस्ती करी. "तसं नाही, असं म्हण." "ते आधी सांग." "आवाज चढव." तिसऱ्यांदा तिनं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की पुढच्या रांगेतल्या बाईंनी आपली खुर्चीच मागे घेतली. त्या रागाच्या भरात ती गाळणीची पायरी विसरली आणि तिनं बटण दाबलं.

भिंतीवर आलेख उमटला. खालची आडवी रेघ म्हणजे विषाणूचं अंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरच्या उभ्या रेघा म्हणजे नमुन्यात त्याचे सापडलेले तुकडे. भिंत रेघांनी भरून गेली.

"अरे वा!" आजोबानं टाळी वाजवली. "ठिणगीबाईंनी जावई आणला, तोही वाजतगाजत! बघा मंडळी, गाळणी विसरलं की काय होतं ते. जावई दशमग्रह म्हणतात ते उगाच नाही."

सगळा वर्ग हसला. ठिणगीचे कान तापले. तिनं आलेख पुसायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. दुसरं कुणी असतं तर शरमेनं चटकन पुसून मोकळं झालं असतं. हिला राग आला होता आणि राग आला की ती समोरच्या गोष्टीकडे टक लावून बघत बसायची. ती बघत राहिली.

फ्रिजमधला तुकडा विषाणूच्या मधल्या भागाचा होता. तो सांडला तर मध्ये एक उंचवटा दिसायला हवा, बाकी जमीन सपाट. इथे डावीकडून उजवीकडे रेघाच रेघा होत्या. डोकं, पोट, पाय, सगळं.

"आजोबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की तो हसायचा थांबला. "आपल्या फ्रिजमध्ये जावयाचा फक्त हात आहे ना?"

"हो. का?"

"मग हा अख्खा माणूस कुठून आला?"

आजोबा पुढे आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे. तिनं फ्रिजमधल्या तुकड्याचा क्रम काढून या रेघांशेजारी लावला. जुळत होता, पण तंतोतंत नव्हता. मध्ये मध्ये अक्षरं वेगळी होती. हा आपला जावई नव्हताच. हा त्याचा बाहेर हिंडणारा भाऊ होता.

वर्गाला तिनं चहाला पाठवलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत खालच्या मजल्यावर गेली. नमुन्याचा आकडा सांगितला. खालच्या बाईंनी नोंदवहीत आकडा शोधून सांगितलं, "अगं, हा आपल्या जाळीकाकाचा. तूच तर केला होतास ना गेल्या आठवड्यात?"

तिनंच केला होता. जावई काढला, निवडलं, स्वच्छ आलं, सही ठोकली. दहा मिनिटांचं काम.

तिनं ताईला फोन लावला. ड्यूटीवर असताना ताईचा फोन कपाटात असतो हे माहीत असूनही लावला, पुन्हा पुन्हा लावला, आणि मग तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसली. दार वाजवलं नाही.

सर एका समितीपुढे करायच्या भाषणाची तयारी करत होते. प्रशिक्षण केंद्राला आणखी पाच वर्षं मिळायची की नाही ते ही समिती ठरवणार होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकही चुकीचा इशारा नाही.' ठिणगीनं लॅपटॉप त्यांच्यासमोर आदळला.

सर काही मूर्ख नव्हते. आलेख पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना कळलंय हे ठिणगीला दिसलं, आणि कळूनही ते पुढे जे बोलले त्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हं. खात्री करावी लागेल. ताजा नमुना मागवू. बाहेरच्या लॅबलाही एक पाठवू. आठवडाभरात कळेल."

"आठवडा? सर, काका साध्या वॉर्डात आहे. आजूबाजूला माणसं झोपलीयत. आत्ता फोन करा."

"करून काय सांगू? आमच्या गाळणीला भोक आहे?"

"भोक नाही सर. भोक असतं तर बरं झालं असतं, काहीतरी खाली पडलं असतं. आपण झाकण लावून बसलोय!"

"आवाज खाली."

"माझी बहीण आहे त्या वॉर्डात!"

"मग तिला कळतं काळजी कशी घ्यायची. नर्स आहे ती." सर उठून उभे राहिले. त्यांचाही आवाज आता चढला होता. "तू तेव्हा नव्हतीस. मी होतो. माझ्या एका सहीनं हजारो शेळ्या पुरल्या. लोक माझ्या दारात येऊन रडले. मला रस्त्यात ओळखून थुंकायचे. पुन्हा तसं झालं तर हे केंद्र बंद होईल, आणि मग कुणीच काही शोधणार नाही. समजलं? खात्री झाल्याशिवाय आणि माझ्या सहीशिवाय इथून एक अक्षर बाहेर जाणार नाही."

क्षणभर ठिणगीला त्यांची दया आली. पण क्षणभरच.

"तेव्हा नसलेला विषाणू आहे म्हणालात, शेळ्या मेल्या," ती म्हणाली. "आता असलेला नाही म्हणतोय. या वेळी कोण मरणार ते सांगा, म्हणजे मी थांबते."

सर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी पडद्यावरचं भाषण मात्र बंद केलं नाही, आणि ते तिनं पाहून ठेवलं.

बाहेर आजोबा आपल्या जागेवर बसला होता. समोर त्यानं स्वतः लिहिलेली गाळणी उघडलेली.

"मी जास्तीची खबरदारी म्हणून अख्खा घातला गं," तो म्हणाला. "फक्त तुकडा घातला असता तरी चाललं असतं. मला वाटलं, कशाला धोका..."

"तुला वाटलं! आणि आम्हाला? आम्हाला काहीच वाटलं नाही. दोन वर्षं पोपटासारखं जावई काढला का, जावई काढला का. एकाला तरी विचारावंसं वाटलं का, की बाबा, हा खरंच कधी दारात आला तर? आपण शोधायला बसलोय कुणाला आणि दाराबाहेर काढतोय कुणाला? अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, आपण तर कळसा रोज उठून उकिरड्यावर टाकत होतो!"

आजोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ठिणगीला त्याचाही राग आला. रडायला वेळ होता म्हणजे याला.

"मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"नको. तू इथे बस. गाळणी काढ आणि मागचे सगळे नमुने पुन्हा चालव. सगळे. पहिल्यापासून."

आलेखाचा कागद घेऊन ती टॅक्सीनं हॉस्पिटलला पोचली. भेटायची वेळ नव्हती. दारावरच्या माणसानं हात आडवा केला, त्याच्याशी तिची खडाजंगी झाली, आणि शेवटी त्यानंच कंटाळून हात काढला. दुसऱ्या मजल्यावर वॉर्डाचं दार उघडं होतं. दोन्ही बाजूंना खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर जाळीकाका, अर्धा झालेला. ताई त्याच्या मानेखाली हात घालून त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. पाणी त्याच्या ओठांतून ओघळत होतं आणि ती ते पुसत होती. तिचा मास्क हनुवटीखाली होता.

"ताई, मास्क घाल!"

सगळा वॉर्ड दचकला. एका म्हाताऱ्याच्या हातातला पेला पडला. ताईनं आधी काकाचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, मग तरातरा दारापर्यंत आली.

"चिमे, अक्कल आहे का? हा वॉर्ड आहे. तमाशा कसला करतेस?"

"त्याला आहे. तो विषाणू त्याला आहे. आधी मास्क घाल, मग बोल."

ताईनं मास्क वर ओढला नाही. ती बहिणीकडे बघत राहिली.

"रिपोर्ट निगेटिव्ह आला होता."

"चुकला. आमचं चुकलं."

"त्यावर तुझी सही होती, चिमे." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "डॉक्टरबाई म्हणत होत्या, लक्षणं ठीक दिसत नाहीत, अजून चार दिवस वेगळा ठेवू. मीच म्हटलं त्यांना, अहो, हा माझ्या बहिणीचा रिपोर्ट आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मीच त्याला काचेतून बाहेर आणला. आणि त्याला ऐकू कमी येतं, तोंड दिसल्याशिवाय त्याला कळत नाही, म्हणून हा मास्क खाली घेतला."

  ठिणगीनं हातातला आलेखाचा कागद उगाच सरळ केला. खाटेवरून काकानं डोळे किलकिले केले. तिला ओळखून त्याचे ओठ हलले.

"दिसल्या का रेघा?" भसाडा आवाज आता कुजबुजीएवढा उरला होता.

तिनं मान हलवली. दिसल्या.

डॉक्टरबाई आल्या. त्यांना लॅबचं पत्र हवं होतं, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. आता पत्र कुठून आणणार? ठिणगीनं तिथल्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. 'मागचा निकाल चुकीचा आहे, नमुन्यात विषाणू आहे, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहून देते,' एवढं लिहून तिनं खाली सही केली आणि आलेख जोडला. डॉक्टरबाईंनी आलेख उलटसुलट पाहिला. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वॉर्डाची दारं बंद करायला सांगितलं. ठिणगी दाराच्या बाहेर राहिली. ताई आत.

जाळीकाका त्याच आठवड्यात गेला. शेवटचं गाणं त्यानं अर्ध्यावर सोडलं असं ताईनं फोनवर सांगितलं, आणि ते कोणतं होतं हेही सांगितलं. ताईलाही काचेच्या खोलीत वेगळं ठेवलं. गावाहून आईचे रोज फोन येत, आणि रोज ठिणगी सांगे, ताईची जादा ड्यूटी लागलीय. शेजारच्या खाटेवरचा, काकाच्या गाण्याला कंटाळलेला पेशंट तापला. आजोबानं मागचे नमुने गाळणीशिवाय चालवले तेव्हा त्यात वटवाघळांचे कितीतरी नमुने विषाणू असलेले निघाले. गोदामांतले, पुलाखालचे. विषाणू वर्षानुवर्षं रोज लॅबच्या दारात येत होता आणि लॅब त्याला ओळखीचा समजून परत पाठवत होती.

पेपरात सरांचा फोटो आला. 'आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या दक्षतेमुळे साथ वेळीच लक्षात आली,' असं ते म्हणाले होते. त्याच दिवशी ठिणगीच्या टेबलावर नोटीस होती, परवानगीवाचून निकाल बाहेर दिल्याबद्दल. तिनं पेपर आणि नोटीस एकाखाली एक सरांच्या दारावर चिकटपट्टीनं डकवलं. येणारा जाणारा थांबून दोन्ही वाचे. सरांनी ते काढलं नाही, काढायला बाहेरच आले नाहीत.

मग ताईचा नमुना आला.

डबीवर आकडाच होता, पण ठिणगीला माहीत होतं. आजोबा शेजारी येऊन बसला. त्याच्या तोंडाला सवयीनं तोच प्रश्न आला असावा, पण तो त्यानं गिळला. गाळणी आता नव्हतीच. तिनं बटण दाबलं आणि आलेख डावीकडून उमटायला लागला. सपाट. सपाट. मध्यावर आल्यावर रेघा उठल्या. मग रेघा बसल्या आणि पुढे शेवटपर्यंत सपाट.

"हात आहे," आजोबा श्वास सोडून म्हणाला. "फक्त हात. आपलाच आहे गं, फ्रिजमधला. सांडलाय."

तिनं एकेक अक्षर लावून पाहिलं. फ्रिजमधल्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होतं. डोकं नाही, पाय नाहीत. घरजावईच होता, बोलावलं नसताना आलेला. तिनं खालून नमुना पुन्हा चालवून घेतला, हातमोजे बदलून, नव्या नळीत. या वेळी हातही नव्हता. कोरी आडवी रेघ. यापेक्षा जास्त खात्री या विद्येत होत नाही. तिनं निकाल लिहिला आणि सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसऱ्या कागदावर लिहावं लागलं.

हॉस्पिटलमध्ये काचेच्या खोलीला बाहेरून एक खिडकी होती आणि दोन्हीकडे फोन. ताई आत स्टुलावर बसली होती. चेहरा उतरलेला, केस नीट विंचरलेले, मास्क नाकाच्या वरपर्यंत. ठिणगीनं फोन उचलला.

"ताई, आला. निगेटिव्ह आहे. दोनदा केला. काही नाहीये तुला. डॉक्टरबाई म्हणतात, आज घरी जायला हरकत नाही."

ताईनं डोळे मिटले. खांदे सैल सोडले. मग डोळे उघडून तिनं विचारलं, "सही कुणाची आहे?"

"माझी."

 काचेवर आतून ताईच्या बोटांचे ठसे होते, ते ती बाहीनं पुसत राहिली.

"रागावू नकोस चिमे," ती शेवटी म्हणाली. "मी अजून थोडे दिवस आतच राहते."

तिनं मास्कची दोरी मागे पुन्हा घट्ट बांधली आणि फोन जागेवर ठेवला.